आठव्या पायरीवरची माझी लुडबुड

चि. सौ. थोरलीस आईचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. गुडघा तेवढा तुझ्या बाबांच्या वळणावर गेलाय, काम सांगितलं की कुरकुरतो. तुझी कंबर कशी आहे? जावईबापूंचा खोकला? पत्र मी सांगतेय आणि शाळेसाठी माझ्याकडे राहिलेली तुझी लेक लिहितेय (लिही गं, गाळू नकोस), त्यामुळे अक्षर सुंदर आणि मजकूर खरा, असा योग जुळून आलाय.

तर तिच्या गणिताबद्दल. यंदा वर्गात प्रत्येकाला टॅब्लेट दिलाय, तो घरीही आणायचा. त्यातली गणितं ज्याच्या-त्याच्या कुवतीची: जमली की वरची पायरी, अडली की खालची. लेक दुसऱ्या पायरीवर होती. मी बाह्या कापत बसलेली, ती मोठ्याने वाचायची, साडेतीन मीटरचे सात तुकडे, एकूण कापड किती, आणि माझ्या तोंडून साडेचोवीस निघून जायचं. चाळीस वर्षं शिवणकाम केलेल्या बाईपुढे कापडाची मापं बोलायची आणि तिने गप्प राहायचं, हे कुठल्या शास्त्रात बसतं? मला अक्षर येत नाही, पण तुझे मामा पाढे घोकायचे तेव्हा भांडी घासता घासता पावकी, निमकी, दिडकी मी कानांनीच उचलली. (त्यांची केव्हाच उडाली, माझी अजून ताजी आहे. त्यांना सांगू नकोस. किंवा सांग.) पंधरा दिवसांत तुझी लेक आठव्या पायरीवर. तू अख्ख्या ऑफिसात सांगितलंस, मलाही गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू.

पण शाळेत समोर आठवी पायरी आणि शेजारी आजी नाही. पोर तासाला तीनदा पाणी प्यायला जायला लागली. एक दिवस म्हणाली, मला आता गणिताचं पोट दुखतं. तेवढ्यात तिच्या वर्गाच्या बाईंनीच मला शाळेत बोलावलं. अंगाने काडी, बोलणं हळू, नजर मात्र सुईत दोरा ओवणाऱ्याची. त्यांच्या पडद्यावर कुठल्या उत्तराला किती वेळ लागला तेही दिसतं: घरी चार सेकंद, शाळेत चार मिनिटं. मला वाटलं, आता आपली हजेरी घेणार. त्या एवढंच म्हणाल्या, "आजी, चार सेकंदांत मलाही येत नाही हो. घरी गणिताला कोण बसतं?"

मी कबूल केलं. (लाजून कबूल केलं, असं लिही.)

मग त्यांनी मला तासभर मागच्या बाकावर बसवलं. काय सांगू तुला! शेजारी शेजारी बसलेली पोरं. एक चित्रातले ठोकळे मोजतंय, दुसरं भलतीच अवघड समीकरणं सोडवतंय, आणि कोण कितव्या पायरीवर आहे याची कुणाला पडलेली नाही. चुकलं तर तो टॅब्लेट उसासा टाकत नाही, तेच गणित लहान तुकडे करून पुन्हा पुढे ठेवतो. मी तुला पाढे शिकवताना हातात लाकडी पट्टी असायची, ते आठवून जीव ओशाळला. आणि बाई नुसत्या पडद्याकडे बघत बसत नाहीत. कुणाचं अडलंय ते तिथे दिसलं की जाऊन त्याच्या बाकापाशी उकिडव्या बसतात, हळू काहीतरी विचारतात, आणि पोराच्या तोंडावर दिवा लागतो. लेकीला त्यांनी विचारलं, कुठून सुरू करू या? ती म्हणाली, तिसऱ्या पायरीपासून. बाई म्हणाल्या, चालेल.

आता सरावाच्या वेळी मी तोंडात टाचण्या धरून बसते. काल दहातली नऊ तिची तिने सोडवली. दहावं चुकलं, तसंच दुसरं आलं, ते जमलं. पाण्याला एकदाही उठली नाही.

तुझी, कान पकडलेली,
आई

ता. क. तू त्या मोठ्या गणित स्पर्धेत तिचं नाव घातलंयस ना, ते काढून घे. पत्र खरं तर एवढ्यासाठीच. स्वतः सांगायला ती भ्यायलीय, तू खट्टू होशील म्हणून. हे वाक्य लिहिताना तिचा हात थांबलाय, मी म्हटलं पुढे चल. फोनवर पायरी विचारू नकोस, आज काय जमलं ते विचार.

ता. क. आणखी एक. बाईंनी मलाही टॅब्लेटवर बसवून पाहिलं. आकडे वाचता येत नाहीत (मापं मी जन्मभर वितीबोटांनीच घेतली), म्हणून त्याने मला थेट पहिल्या पायरीवर नेऊन बसवलं. काल सात ओळखला. सहा आणि नऊ अजून फसवतात. ही बातमी मात्र ऑफिसात खुशाल सांग.