उंबराखालच्या डोहातल्या खवल्या

५ मे २०२४, रविवार

डंपर आले. तीन! ओहळाच्या खालच्या अंगाला मुरूम ओतून गेले. मी काठावर उभी होते, कुणी विचारलंसुद्धा नाही — बाई, तू कोण.

उंबराखालचा डोह अजून आहे. मे महिन्यात ओहळात तेवढंच पाणी उरतं, बाकी नुसते गोटे. अख्ख्या ओहळातली मासळी, आमच्या खवल्या, त्या एका डोहात दाटीवाटीने.

मितेशला फोन केला. धाकटा भाऊ, जमीन तोच बघतो. म्हणाला, "ताई, गोडाऊन होतंय तिथं. करार झालाय."

कधी? कुणी केला? मला का नाही सांगितलं?

"झालाय ना. तू टेन्शन नको घेऊ."

टेन्शन!

६ मे

बाबांना जाऊन आज तीन महिने. ते असते तर ह्याची हिंमत झाली नसती.

८ मे

कॉलेजात बायोलॉजी मी शिकवते, पण मासे मला बाबांनी शिकवले. लॉकडाऊनमध्ये कॉलेज बंद, मी घरात नुसती बसलेली. म्हणाले, "चल, खवल्या रंगात आल्यात." तेव्हापासून दर पावसाळ्यात आम्ही दोघं उंबराखालच्या खडकावर. मी लिहायचे, ते मोजायचे.

एरवी बघाल तर साधीच मासळी. बोटाच्या दोन पेरांएवढी, चंदेरी, अंगावर दोन काळे ठिपके — एक कल्ल्यामागे, एक शेपटीशी. शेवाळ खाते, डासांच्या अळ्या खाते. पण पाणी वाढायला लागलं की नराच्या कुशीवर लाल पट्टा चढतो. जास्वंदीसारखा! मादीमागे उंबराच्या पाण्यातल्या मुळांमधून पळत सुटतो. ती मुळांना अंडी चिकटवते आणि निघून जाते. राखण नाही, काही नाही. तिथेच घुटमळली तर स्वतःचीच अंडी खाते. दीड-दोन दिवसांत पिल्लं बाहेर.

हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा रडले होते. बाबा हसले. "अगं, त्यांना कुठं म्हायती हाय आपली कोन ते!"

१२ मे

गावच्या घरी गेले. मितेश ओट्यावर मोबाईल घेऊन बसलेला. बोलायचं नाही ते सगळं बोलले. बाबांची राख थंड होऊ दिली नाहीस. लाज नाही वाटली. त्यांचा डोह बुजवतोस.

तो एकदाच म्हणाला, "तुला जे बोलायचं ते मला बोल. बाकी कुनाला काय विचारत फिरू नको."

म्हणजे वर धमकी! मी म्हटलं, आजपासून मला भाऊ नाही.

परत येताना नावडे फाट्यावर रिक्षा मिळेपर्यंत पानाच्या टपरीच्या बाकड्यावर बसून राहिले.

१५ मे

सकाळीच बायजाबाईंना घेऊन डोहावर. सत्तरी उलटली त्यांची, जन्मभर मासळी विकली. जाळं माझ्याकडे होतं, पण त्यांनी कमरेची पिशवी सोडून जुनं लुगडं काढलं. "जाल्यान येवरीशी मासली फाटंल बाय. लुगऱ्यान धर." आम्ही दोघी गुडघाभर गाळात, दोन टोकं धरून.

पोकलेनवाला वर थांबलेला. ओरडला, "मॅडम, आधा घंटा. फिर साब चिल्लाएगा."

एक्केचाळीस मिळाल्या. डोहात अजून किती होत्या, माहीत नाही. अर्ध्या तासाने त्याने मशीन चालू केलं. मी बादल्या उचलून निघाले. मागे बघितलं नाही.

१६ मे

वरच्या डोंगराकडचा ओहळ कोरडा ठणठणीत. पाणी येईपर्यंत खवल्या माझ्याकडेच. बाल्कनीत मोठा टब, आत जुन्या डोहातली वाळू, वर ओली गोणी. बारा नंबरच्या काकू म्हणाल्या, "सोसायटीत डास होतील हं." म्हटलं, उलट कमी होतील.

२३ मे

पस्तीस मेल्या.

काल संध्याकाळी टबातलं पाणी कमी झालं होतं. नळाचं घातलं. थेट. सकाळी सहा सोडून सगळ्या उताण्या तरंगत होत्या. लिफ्टमध्ये नोटीस लावलेली — टाकी धुतली, ब्लीचिंग टाकलंय. मी वाचलीच नव्हती. नळाचं पाणी दिवसभर उघडं ठेवून मग माशांना घालायचं, हे दरवर्षी पोरांना मीच शिकवते!

मितेशने डोह बुजवला. ह्यांना मात्र मी मारलं.

२४ मे

कुंडीत पुरल्या. हाताचा वास जात नाही.

२ जून

सहा उरल्यात. दोन नर, चार माद्या. खातात.

११ जून

बायजाबाईंचा फोन — "वरच्या व्हालाला पानी आलंय गं." कॉलेज बुडवून गेले. ओहळ तोच, फक्त भरावाच्या वरचा भाग. खवल्यांची पिशवी पाण्यात ठेवली, पाऊण तास तशीच, मग तोंड उघडलं. एक नर आधी निघाला. त्याच्या कुशीला तांबूस रेघ उमटायला लागली होती. बाकीच्या त्याच्यामागे. क्षणात दिसेनाशा.

सहाच. ह्या सहांतून काय होणार? बाबांना विचारावंसं वाटलं.

घरी येऊन टब धुतला आणि त्याच्या शेजारी फरशीवर बसून खूप रडले.

१९ जून

मितेशला सोडायचं नाही. वकीलबाईंना भेटले. त्या म्हणाल्या, आधी कराराची नक्कल मागवू, कुणाची सही आहे ते बघू. म्हटलं, बघायचंय काय, त्याचीच असणार.

३ जुलै

नक्कल आली.

मितेशची सही नाही. बाबांची आहे. ११ जुलै २०२०. आणि खाली साक्षीदार — सुचिता वामन मढवी. अक्षर माझंच.

आठवलं. बाबांनी पेन पुढे केलं होतं. "हितं कर." मी चप्पल घालता घालता केली. वाचलं नाही. त्यांनाच म्हणत होते, चला ना लवकर डोहावर!

म्हणजे चारही पावसाळे, सगळं देऊन टाकल्यावर, ते माझ्याशेजारी बसून खवल्या मोजत होते.

मितेशला फोन लावला. "तुला माहीत होतं?"

तिकडे दार लोटल्याचा आवाज. मग, "बाबांनी शप्पत घातली व्हती, ताई."

फोन कुणीच ठेवेना.