पुढच्या खोलीतल्या गालिच्याची चुणी

मी, वय वर्षे एकाहत्तर, गालिचे धुण्याचा व दुरुस्त करण्याचा कारखाना चाळीस वर्षे चालवून आता बंद केलेली बाई, लिहून ठेवते की माझे गुडघे गेले आहेत, पण डोके जागेवर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण जावई शंका काढल्याशिवाय राहायचे नाहीत. कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, तर स्वतःच्या मर्जीने व बऱ्याचशा वैतागाने मी पुढील व्यवस्था करीत आहे. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी मुलावर खूश असताना केले होते.

कलम १. बँकेतील शिल्लक मुलगा व मुलगी यांना निम्मी निम्मी. यावर चर्चा नको.

कलम २. माझी हत्यारे, म्हणजे वाकड्या सुया, लोकरीचे कंगवे व दोन मोठे ब्रश, नातीला द्यावीत. मुलाला देऊ नयेत. घराला रंग दिला तेव्हा पुढच्या खोलीतला गालिचा त्याने चादरीसारखी घडी घालून माळ्यावर टाकला. वर्षभर! गालिचा गुंडाळायचा असतो, त्याची घडी घालायची नसते, हे जो रांगत्या वयापासून ऐकत आला, त्याने हे करावे.

कलम ३. इस्त्री जावयांना. गालिचा उघडला तेव्हा मधोमध ही एवढी चुणी. मुलगा म्हणाला, "आई, वर कपाट ठेवू, बसेल आपोआप." जावयांनी मला न विचारता इस्त्री फिरवली आणि लोकर करपवली. त्या डागाबद्दल त्यांनी आजवर अवाक्षर काढलेले नाही. अरे बाबांनो, गालिचा पालथा घाला, चुणीच्या पाठीवर ओलसर फडका फिरवा, घडीच्या उलट बाजूने गुंडाळून दोन दिवस ठेवा, मग पसरून कोपऱ्यांवर वजने ठेवा. गावभरचे गालिचे मी असेच सपाट केले. घरात कोण ऐकतो?

कलम ४. शेवटी मीच केले. तीनदा. रविवारी गालिचा एकदम सपाट, गुरुवारी चुणी पुन्हा जिथल्या तिथे. मी मुलावर संशय घेतला, झाडणाऱ्या बाईवर ओरडले. तिची मी माफी मागते. माझी नवी छत्री तिला द्यावी. चौथ्यांदा चुणी आली तेव्हा गालिचा उलटून पाहिला. आधीच्या चुण्या नुसत्या चिमटून केलेल्या, या खेपेला मात्र पाठीला कपडे वाळत घालायची दोरी शिवलेली होती, तीही माझ्याच सुईने, आणि टाके इतके वेडेवाकडे की कारखान्यात पहिल्या दिवशीही मी चालवून घेतले नसते.

कलम ५. टाके माझ्या धाकट्या बहिणीचे. घरात तिला सगळे मावशी म्हणतात. तिने लग्न केले नाही, बावीस वर्षे ती माझ्याजवळच राहते. मी काही न बोलता पाळत ठेवली. ती दारातून आत येते, पायाने चुणी चाचपते, तिथून चार पावले मोजते आणि स्वयंपाकघराची पायरी बरोबर उतरते. हिला दिसत नाही. कधीपासून कोण जाणे. सख्ख्या बहिणीला सांगू नये? मी विचारले, "डोळे कसे आहेत गं?" तर म्हणे, "ताई, तुझ्यापेक्षा बरे!" ती का लपवते ते मला ठाऊक आहे. माझ्यामागे घर विकायचे आणि मावशीला "कुठेतरी चांगल्या ठिकाणी" ठेवायचे, असे मुलगा आणि जावई बोलत बसले होते, तेव्हा ती चहा घेऊन दाराशी उभी होती.

कलम ६. सबब राहते घर मावशीला, तिच्या हयातीपर्यंत. तोवर ते कोणी विकू नये, भाड्याने देऊ नये, एक खुर्चीसुद्धा इकडची तिकडे करू नये. तिच्यानंतर मुलगा व मुलगी यांचा समान हक्क राहील. गालिच्याची चुणी कोणीही काढू नये. बहिणीचे टाके उसवून ती दोरी मी त्याच जागी पक्की शिवली आहे. मुद्दाम केलेली चुणी माझ्या आयुष्यात ही एकच.

कलम ७. माझ्या बहिणीला वाटते की मला काही कळलेले नाही, आणि त्या जोरावर ती घरात ताठ मानेने वावरते. म्हणून मी जिवंत असेपर्यंत गप्प बसणार आहे, आणि गप्प बसणे मला किती जड जाते ते सर्वांना माहीत आहे. तिच्या हातात नुसता कागद देऊ नये. हे मृत्युपत्र तिच्याजवळ बसून मोठ्याने वाचावे. मला कळले होते, हे तिला तेव्हा कळू दे.

स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: ९ सप्टेंबर

सही: थोरली बहीण

साक्षीदार:
१. दाखला देणारे डॉक्टर
२. शेजारचे शिंपी, ज्यांनी दोरीवरचे टाके तपासून पसंत केले