मागे राहिलेली दिमा

कलाचा गाव, ३ मार्च

ती. दिरामूताईस टुमालचा शि. सा. न. वि. वि.

आई बरी आहे. नैरोबीत तू अजून उभ्याउभ्याच जेवतेस का, असं विचारते. आबांचं मात्र बरं नाही. खोकल्याच्या साथीत आपला सगळा कळप गेला. उरली एकटी लाल उंटीण, दिमा. ती साधी खोकलीसुद्धा नाही. संध्याकाळी रिकाम्या कुंपणाशी जाऊन कण्हल्यासारखी ओरडते, मग कान देऊन उभी राहते. लोक म्हणतात, हिनेच बाकीच्यांना खाल्लं. आता आबाही तेच म्हणू लागलेत. तिला चाल्बीच्या वाळवंटात हाकलणार आहेत. तू जनावरांचं रक्त तपासतेस, काहीतरी लिही. आबा तुझंच ऐकतील.

तुझ्या मायेतला,
टुमाल

नैरोबी, ११ मार्च

चि. टुमाल यास अनेक उत्तम आशीर्वाद.

आईला सांग, हल्ली बसून जेवते. आबांना थांबव. रोगाशी लढणारी जनुकं माणसांत, बकऱ्यांत नाना तऱ्हेची असतात. उंटांत ती जवळजवळ एकसारखी, मग उंट कुठल्याही मुलखातला असो. म्हणून एका रोगाला वाट सापडली की तो कळपच्या कळप नेऊ शकतो. यात आबांचं काही चुकलं नाही. दिमात काही निराळं असेल, तर ती फार मोलाची. पशुवैद्याकडे तिचं रक्त दे, मेलेल्यांच्या कातड्याचे तुकडेही दे. मलाही झोपेत त्यांच्या गळ्यातल्या लाकडी घंटा ऐकू येतात रे.

तुमची सदैव,
दिरामू

नैरोबी, २ मे

चि. टुमाल यास आशीर्वाद.

तपासलं. ज्या जनुकांत मी शोधत होते, तिथे दिमात निराळं काही नाही. मेलेल्यांसारखीच आहे. ती का वाचली, मला सांगता येत नाही. काहीतरी बरं लिहून टाकावं असं मनात आलं, पण आबांना खोटं कळतं. वाचून दाखव. काय झालं ते कळव, जीव टांगणीला आहे.

दिरामू

कलाचा, १९ मे

ती. ताईस सा. न.

पत्र वाचलं तेव्हा शेजारचा गल्गालो दिमाला न्यायला दोर घेऊन दारात उभाच होता. आई म्हणाली, शिकलेल्यांनाही कळत नाही, म्हणजे हिच्यात नक्की काहीतरी अभद्र आहे. मग आबांनी विचारलं, पोरीने ‘मेलेल्यांसारखीच’ असं लिहिलंय ना? मी हो म्हटलं.

"मग ती त्यांच्यातलीच," आबा म्हणाले. "मागे राहिली, आपल्यासारखी."

गल्गालो दोर घेऊन परत गेला.

आता विहिरीवर पाणी ओढताना आबा पूर्वी एकेकाला प्यायला बोलवायचे तशी मेलेल्यांची नावं घेतात आणि प्रत्येक नावाला थोडं थांबतात. लोक वाट करून देत बाजूला सरकतात. शेवटी तिचं नाव घेतात, तेव्हा दिमा पुढे येऊन पिते.

एकदा येऊन जा. माया आहेच, ती राहू दे.

टुमाल