एका बुटावर एक ताट

रविवार, संध्याकाळ

हसू अजून थांबत नाहीये. आधी नीट लिहून ठेवते.

नदीवर सहलीला येणाऱ्यांना टपऱ्यांवर त्या ‘कुजणाऱ्या’ (कंपोस्टेबल) प्लास्टिकच्या डब्यांत जेवण नको, असा ठराव आमच्या ग्रामपंचायतीने केलेला. मी सदस्य, मीच मांडलेला. तालुक्याच्या साहेबांनी तो परत पाठवला. म्हणे राज्याच्या नियमात या डब्यांना सूट आहे, गावाला त्याहून कडक नियम करता येत नाही. नुसतं डोकं फिरलेलं माझं!

मग सुचलं, बंदी नाही ना करता येत? ताटं तर देता येतात! देवळातली गावकीची स्टीलची ताटं लग्नं सोडली तर पडूनच असतात. आज ती नदीवर मांडली. टपरीवालेही तयार झाले, डब्याऐवजी ताटात वाढू म्हणाले. ताटाचे पैसे नाहीत, फक्त एका पायातला बूट नाहीतर चप्पल आमच्याकडे ठेवायची.

घोडबंदरहून आलेला एक जण म्हणाला, "ताई, आधार कार्ड ठेवा ना, बूट कशाला?"

"दादा, आधार कार्ड विसरून जाल. बूट नाही विसरणार."

आणि दुपारी कोण यावं? तेच साहेब, बायको-मुलांना घेऊन!

"हा काय नवीन नियम?"

"नियम कुठला साहेब, गावची रीत आहे."

काढला ना बूट! काळा, चकचकीत.

जेवून ताट परत घेऊन आले. कडेला रस्सा सुकलेला. मी बूट पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

"साहेब, घासून."

आणि गेले की! एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा, थेट नळावर!