करवत अठ्ठावन्न, बायको चौऱ्याहत्तर

४ जानेवारी
मालकांनी सॉ मिलमधल्या सगळ्यांना बोलावून सांगितलं, महिनाअखेर कानांची तपासणी. नापास होईल त्याने करवतीवर उभं राहायचं नाही. बोलताना बघत होते माझ्याकडे. ओंडक्यात खिळा असला की पात्याचा सूर बदलतो. तो ओळखून मशीन बंद करणारा इथे मी एकटा. आणि तपासणी माझी? असो. देव बघतो आहे.

५ जानेवारी, संध्याकाळ
धाकटीने फोनवर आवाज मोजायचं ॲप टाकून दिलं. आवाज वाढला की सुई सरकते. संकल्प: यापुढे पुराव्यानिशी बोलायचं.

६ जानेवारी
भुसा जाऊ नये म्हणून फोन प्लास्टिकमध्ये घातला, वर रुमाल गुंडाळला, डब्याच्या पिशवीत ठेवला. करवत पूर्ण जोरात: अठ्ठावन्न. घरी फोन बाहेर काढला. ही जेवायला हाक मारत होती: चौऱ्याहत्तर. म्हणजे माझ्या कानांना काही झालंच असेल, तर ते मिलमध्ये नव्हे. हिला तसं सांगितलं. म्हणाली, आधीच्या चार हाका मोजल्या नाहीत वाटतं.

९ जानेवारी
कानांवरची टोपणं काढून ठेवली. अठ्ठावन्नला कशाला हवीत? ओंडक्याचं दुसरं टोक पैलवान धरतो (अंगाने काडी, म्हणून पैलवान). त्याला आकडा दाखवला. तो हात हलवत काहीतरी बोलला. मी हसलो. नंतर कळलं, दादा बाजूला व्हा, असं म्हणत होता. हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात.

१३ जानेवारी, पहाट
प्रार्थनेला बसलो. खिडकीबाहेरचे पक्षी पूर्वी चित्त थाऱ्यावर राहू देत नसत. आज चिडीचूप. मन निवलं की जग गप्प होतं, असं गावच्या शाळेतले गुरुजी म्हणत. उशिरा का होईना, साधलं. फोन मात्र बासष्ट दाखवतो. फोनला श्रद्धा नाही.

१७ जानेवारी
पैलवान म्हणे, दादा, पातं शिट्टी मारतंय. मी म्हटलं, तपासणीला आधी तू जा. ओंडका उतरवल्यावर बघितलं, पात्याचे दात उडालेले. पातं जुनं असणार.

२२ जानेवारी
संकल्प: तपासणीआधीच मालकांना अठ्ठावन्न दाखवायचं. धाकटी म्हणाली, बाबा, एकदा पिशवीतून बाहेर काढून मोजा ना. मी म्हटलं, पिशवी पातळ आहे. ही दारात उभी होती. काही बोलली नाही. किंवा बोलली असेल.

२५ जानेवारी
पातं तुटलं. ओंडक्यात खिळा होता. पैलवान गळा फाडून ओरडत होता म्हणतात. त्याचं उघडं तोंड मला दिसलं होतं. वाटलं, जांभई देतोय. तुकडा त्याच्या डोक्याशेजारून जाऊन मागच्या फळीत रुतला. त्याला लागलं नाही. पण तो खाली बसला तो उठेना.
शेजारची करवत चालूच होती. मी फोन पिशवीतून काढला, रुमाल सोडला, प्लास्टिक काढलं. एकशे चार.

२७ जानेवारी
मालकांकडे आपणहून गेलो. तपासणी नको म्हटलं. उद्यापासून भुशाची पोती भरायची. मालक बराच वेळ बोलले. चांगलंच बोलले असावेत. हात माझ्या खांद्यावर होता.

२८ जानेवारी, पहाट
प्रार्थनेला बसलो. चिडीचूप. फोन समोर ठेवला. उजाडता उजाडता सुई थरथरली, बासष्टवर गेली.
पक्षी आले.