छातीचा पहिला फोटो

नाना, तुम्हाला जाऊन पंचवीसच्या वर वर्षं झाली, आणि तुमच्याशी खोटं बोललेली मी अजून त्याच स्वयंपाकघरात पोळ्या लाटते. खिडकीही तीच. तुमच्या छातीचे एक्सरेचे फोटो तुम्ही हिच्याच काचेला लावणार होता. पहिला फोटो आणला तेव्हा फुप्फुसातली गाठ बघायलासुद्धा तयार नव्हता. "एकाच फोटोवरून काय डोंबल कळणार? डोस होऊ दे, दुसरा काढू, मग दोन्ही शेजारी-शेजारी लावून फूटपट्टीनं मोजू." गणिताचे मास्तर ना! लगेच मला दमही भरलात, "औषध लागू पडत नसेल तर लपवायचं नाही. मी उलट्या काढत मरणार नाही, सांगून ठेवतो. सरळ वज्रेश्वरीला जाईन आणि गरम कुंडात पाय सोडून बसेन."

तीन महिन्यांनी ठाण्याच्या दवाखान्यात दुसरा फोटो निघाला. तुम्ही आत शर्टाची बटणं लावताय, आणि डॉक्टर मला बोलावून दोन्ही फोटो दिव्याच्या पेटीवर लावतात. मोजायची गरजच नव्हती. गाठ वाढलेली नुसत्या डोळ्यांना दिसत होती. "हे औषध चालत नाहीये," डॉक्टर म्हणाले. "दुसरं आहे, पण फार कडक, आणि भरवसा कमी. घ्यायचं की नाही ते त्यांना विचारून सांगा." बाहेर आले तर तुम्ही बाकावरून उठलात. "काय म्हणाले?" माझ्या तोंडून निघालं, "कमी झालीय." केवढे हसलात! घरी परतताना कशेळीला बस ट्रकांमागे अडकली, तेव्हा फोटोंचं पाकीट मी मांडीवर घट्ट दाबून धरलं होतं. तुम्ही म्हणालात, "उद्या सूर्यग्रहण सुटू दे, मग चांगल्या उजेडात मोजू."

सकाळी शेजारच्या लूमवाल्याची बायको दारात. "दीदी, पुराना एक्सरे है क्या? बच्चे ऐसे ही सूरज को देख लेंगे." तुम्ही अजून पडूनच होता. मी पाकिटातून पहिला फोटो काढला आणि कात्रीनं कराकरा कापला. गाठीवरूनच कापला, नाना, मुद्दाम. तुम्ही उठून आलात तेव्हा गल्लीतली पोरं तुमच्या छातीचे तुकडे डोळ्यांना लावून सूर्य बघत होती. "अक्कल गहाण टाकलीस का गं? आता ताडून कशाशी बघू?" कापडाच्या लूमच्या खडखडाटातही तुमचा आवाज चार घरं ऐकू गेला. सगळ्यांना वाटलं, पोरगी वेंधळी. मी मान खाली घालून ऐकून घेतलं, आणि खरं सांगते, मला हायसं वाटत होतं. चहा घेतल्यावर तुम्ही शांत झालात. "जाऊ दे. तू स्वतः बघितलंस ना? मग झालं."

नव्या औषधाबद्दल मी म्हटलं, "उरलेली गाठ जावी म्हणून हे देतायत." तुमचं तोंड आलं, केस गेले, पाण्याचा घोट उतरेना. एकदा मी तुमच्यापुढे घमेलं धरून बसलेय, तुम्ही ओकताय, आणि मधेच मान वर करून विचारताय, "कमी होतेय ना गं? मग सोसतो." मी म्हटलं, "हो, नाना." तुम्ही शेवटपर्यंत सोसलंत. वज्रेश्वरीची एसटी आपल्या घरापासून दहा मिनिटांवर मिळायची.

लोकांना मी सांगते, नानांनी हाय खाऊ नये म्हणून खोटं बोलले. बायका माझ्या पाठीवरून हात फिरवतात. मेलं, तेही खोटंच. तुम्ही "बंद कर" म्हणाला असता आणि मला "बरं" म्हणावं लागलं असतं; तेवढं माझ्याच्यानं झालं नसतं. माझ्या एका शब्दाच्या भीतीपायी तुम्ही ते सगळं भोगलंत. हे कागद कुठे पाठवायचे, हा प्रश्नच नाही. पण लिहिताना सारखं मनात येत होतं, बरं आहे, नाना हे वाचणार नाहीत.