नरसिंहाची पावलं

हैदराबाद,
फाल्गुन शुद्ध पंचमी

तीर्थरूप आबांना, पायांवर डोकं ठेवून प्रेमलाचा नमस्कार.

मी खुशाल आहे. शाळेतलं शिकवणं बराबर चालू आहे, जेवण वेळेवर होतं. आईला तेवढं सांगा.

तुमचे गुडघे धरलेत अन् यंदा रामनवमीच्या लळितात नरसिंहाचं सोंग निघणार न्हाई, असं रखमाजीकाकांनी कळवलं. मला ते बिलकुल पटलं न्हाई. मंग मी इथल्या कुतुबखान्यात, म्हंजे वाचनालयात, बॅले नावाचा नाच बसवणाऱ्या एका नामी रशियन उस्तादाची चरित्रं धुंडाळली. म्हटलं, पाय थकल्यावर त्यानं काय केलं ते बघावं.

पहिल्या जाडजूड पुस्तकात नुसत्या राजेरजवाड्यांच्या मेजवान्या. दुसरं त्याच्या वैऱ्यानं लिहिलेलं. तिसरं त्याच्या शिष्येचं, अन् तेच खरं. म्हातारपणी तो खुर्चीत बसून काठीनं ताल द्यायचा, चुकलं की शिव्या घालायचा, अन् त्याची पावलं ती शिष्या नाचायची.

आबा, खांबातून बाहेर येतानाची तुमची पावलं मला सगळी येतात. रोज शाळा सुटल्यावर दार लावून करून राह्यले. रामनवमीआधी येते. मुखवट्याला ऊन द्या, मागल्या साली आतून कुबट वास येत होता. मला कसं कळलं ते विचारू नका.

बाई सोंग घेती व्हय, असं सारी वडीगोद्री म्हणेल. म्हणू द्या. मुखवटा घातल्यावर नरसिंह दिसतो, प्रेमला न्हाई.

तुम्ही फक्त बाजेवर बसा अन् काठी धरा. शिव्या तुम्हाला शिकवाव्या लागणार न्हाईत.

तुमचीच लेक,
प्रेमला